खोऱ्याला कुणी विचारलं

दिवा फिरतो बाहेर, आत काळोखात बाळ,
तुझ्या डोळ्यांच्या जोरावर फुगा गाठील आभाळ.

आईचा तो आवाज मधलीच्या कानात कायमचा राहून गेला होता. फुग्याच्या पडद्यातून गाळून आलेला, जरा घोगरा, पाण्याखालून कुणी बोलावं तसा. आई बाहेरून दिवा घेऊन जोडाजोडाने चालायची आणि गायची. मधली आत असायची, चंदेरी पडद्याच्या मिट्ट काळोखात, त्या आवाजामागे अनवाणी. पडद्याला कुठे सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं असेल, तर बाहेरचा दिवा तिथून आत डोकवायचा. मग ओरडायचं, "तारा!" की बाहेरचं गाणं जागच्या जागी थांबायचं आणि त्या जागी ठिगळ बसायचं. तारा दिसला नाही तर ब्रही काढायचा नाही. आतलं माणूस गप्प, म्हणजे जोड पक्का. चला पुढे.

फुगे करणाऱ्यांच्या त्या घरात पोरं बोलायला शिकायच्या आधी हा नियम शिकत. तो मग कारखान्यातून घरात कधी शिरला ते कुणाला कळलंच नाही. भाजीत मीठ कमी असेल तर बोला, नाहीतर मुकाट जेवा. पैसे पाठवतोय, नको असतील तर सांग. मधलीचं लग्नसुद्धा असंच ठरलं होतं. छप्परं बसवणाऱ्याचं स्थळ आलं, आईने विचारलं, ती गप्प राहिली आणि घरात साखर वाटली गेली. नशीब, की तिला तो छप्परवाला खरोखरच आवडला होता.

आज शेडमध्ये पंखे लागले होते. चार मोठे, विमानाच्या पंख्यांसारखे घोंघावणारे. त्यांच्या तोंडाशी लावलेल्या कापडी नळ्यांतून हवा जात होती आणि जमिनीवर पसरलेल्या चंदेरी ढिगाला हळूहळू जाग येत होती. आधी कडेचा एक पदर हलला, मग मधोमध फुगवटा आला, मग सगळं अंगच कुशीवर वळल्यासारखं झालं. एवढा मोठा फुगा या घराने आजवर केला नव्हता. शेडसुद्धा भाड्याने घ्यावी लागली होती. पूर्वी तिथे जहाजांची शिडं शिवत.

"उठला! उठला बघा!" दादा या टोकाकडून त्या टोकाला पळत ओरडत होता. पन्नाशी उलटलेला माणूस, पण पाय जमिनीवर ठरत नव्हते. "डावी नळी सैल करा! अरे हळू, हळू, लग्नातल्या नवरीसारखा उठू दे त्याला!"

"अंगात वारं शिरलंय," वहिनी मधलीच्या कानाशी म्हणाली. कापायच्या टेबलावर बसून ती ठिगळांसाठी चंदेरी चकत्या कापत होती.

"फुग्याच्या की तुमच्या नवऱ्याच्या?"

"दोघांच्याही हो वन्सं. फरक एवढाच, फुग्याच्या पंख्याला बंद करायची कळ आहे."

दोघी खिदळल्या. हसायला आज कारण लागतच नव्हतं. आजोबांनी दुकानांच्या उद्घाटनांचे रंगीत फुगे केले, आईने हवामान बघायचे पांढरे केले, आणि दादाच्या वाट्याला हा आला होता. ऊन अडवणारा.

ऊन अडवणार म्हणजे काय, ते दादाच्या मुलीने सकाळीच समजावून सांगितलं होतं. हा फुगा सोडणाऱ्या प्रकल्पातच ती शास्त्रज्ञ होती. फुग्याचं काम बाबांना मिळालं तेव्हा आठवडाभर लाजत होती आणि मग ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटली होती. "हे बघ आत्या. हा जाणार विमानांच्याही कितीतरी वर. पोटात खडूसारखी बारीक भुकटी. ती तिथे शिंपडायची. उन्हाला चाळणी लावल्यासारखं होतं. थोडं ऊन वरच्या वर परत फिरतं."

"आणि आमच्याकडे गार होतं?"

"ह्या एकाने नाही गं. हा फक्त बघायला, भुकटी कशी पसरते ते. पण हा जमला की ताफा. वर्षानुवर्षं. मग हळूहळू होईल गार. काही ठिकाणी पावसाचं इकडचं तिकडे होईल, ते अजून आम्ही तपासतोय."

होईना का, असं मधलीच्या मनात आलं होतं. नकळत, आपसूक, पाणी उतारावरून जावं तसं. कारण त्याच वेळी तिची नजर शेडच्या कोपऱ्यात गेली होती. तिथे सगळ्यात गार जागी, पंख्याच्या वाऱ्यात, मानेवर ओला रुमाल टाकून तिचा नवरा खुर्चीत बसला होता. तीन उन्हाळ्यांपूर्वी तो एका पत्र्याच्या छपरावरच कोसळला. वाचला. पण तेव्हापासून शब्द एकेक करून यायचे, ओझं वाहून आणल्यासारखे, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की उन्हाचा असा आणखी एक झटका याला झेपायचा नाही. उन्हाळा आला की मधली घराच्या खिडक्यांना पांघरुणं लावायची आणि त्याच्या छातीवर नजर ठेवून बसायची. दर वर्षी ऊन चढतच होतं. तिला हा फुगा हवा होता. तहानेल्याला पाणी हवं असतं तसा हवा होता. आणि हे ती कुणाला बोलली नव्हती, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

फुगा आता छताच्या लोखंडी तुळयांना टेकत आला होता. नवऱ्याने मान वर केली. बराच वेळ बघत राहिला.

"मोठं," तो म्हणाला. मधली वाट बघत थांबली. "छप्पर."

"हो," ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "सगळ्यांत मोठं."

तेवढ्यात शेडच्या दारातून उन्हाचा लोळ आत आला आणि त्याच्यासोबत एक किंचाळी.

"अगं बाई! हा फुगा आहे की डोंगर?"

"भिंगरी!"

धाकटी बहीण. लहानपणी एका जागी क्षणभर टिकायची नाही म्हणून भिंगरी, आणि डोंगरापलीकडच्या खोऱ्यात मधमाश्या पाळणाऱ्याच्या घरी गेली तरी भिंगरीच राहिली. रात्रभर बसमध्ये काढूनही ती ताजीतवानी होती. बुटांना तिकडची लाल माती, हातांवर माश्यांच्या डंखांचे जुने डाग. मधलीने तिला कवेत घेतलं तेव्हा केसांना मेणाचा वास आला. वहिनी कात्री टाकून धावली. दादाने दुरूनच दोन्ही हात वर केले, पण आला नाही; पंखा सोडवेना.

"न सांगता कशी आलीस?" मधलीने विचारलं.

"सांगितलं असतं तर तू चार दिवस आधीपासून माझ्यासाठी गादी झाडत बसली असतीस." ती दाजींसमोर उकिडवी बसली, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "काय दाजी, ओळखलंत का?"

"मध," तो म्हणाला आणि हसला.

"आणलाय. तुमची बरणी वेगळी. दादाला दाखवू नका."

मग तिने बूट काढले, बाह्या सारल्या आणि भिंतीवरचा लांब दांड्याचा दिवा उचलला. "जोड तपासायचेत ना? आत कोण जाणार?"

"ताईच," दादा लांबून ओरडला. "अजून तिच्यासारखे डोळे नाहीत कुणाचे! आज बाहेरून वहिनी जाणार होती, पण तू आलीसच तर बरंच झालं. तिचा सूर ऐकून फुगा फुटायचा."

"ऐका!" वहिनी म्हणाली. "लग्नाआधी ह्याच सुरावर भाळले होते."

मधली खालच्या तोंडातून वाकून आत शिरली. पडदा मागे पडला आणि जग विझलं. आत हवा गार होती, नव्या पडद्याचा चरचरीत वास होता, आणि अंधार इतका उंच की मान वर केली तर तोल जावा. पंचेचाळीशीची बाई, पण आतमध्ये ती पुन्हा दहा वर्षांची झाली.

बाहेर भिंगरीने सूर लावला. आईचंच गाणं. मधलीची पावलं आपोआप हलली. जोडाला तळवा लावून ती त्या सुरामागे चालू लागली. काळोख अखंड होता. एकही तारा नाही. वहिनीने आणि दादाने जीव ओतला होता यात. एक जोड संपला, दुसरा संपला. भिंगरीचा आवाज कधी हसरा होई, मधेच थट्टेचं कडवं घुसडी, दादाच्या पोटाचं, वहिनीच्या कात्रीचं, आणि आत मधली तोंड दाबून हसे. बोलायचं नाही ना.

मग तिसऱ्या जोडावर सूर खाली उतरला.

वारा तुमच्या गावाचा येतो आमच्या खोऱ्याला,
काय घेऊन निघाला, कुणी पुसलं का त्याला?

मधलीचं पाऊल अडखळलं.

काय देऊन जाईल, काय नेईल माघारी,
ओढा उभा वाटेवर, झाडं उभी दारोदारी.

तळवा जोडावर होता. पलीकडे, पडद्याच्या त्या केसाएवढ्या जाडीपलीकडे, भिंगरीचा दिवा होता आणि तिचा श्वास होता. गाणं थांबलं.

"ताई," भिंगरी हलक्या आवाजात म्हणाली. "ऐकलंस का?"

आत मधली उभी राहिली. काय म्हणायचं होतं तिला? ऐकलं, असं? की होईना का, असं? तारा दिसला नव्हता. ती गप्प राहिली. बाहेर भिंगरीने एक क्षण वाट पाहिली, मग दिवा उचलल्याचा आवाज आला आणि गाणं पुढे सरकलं. पण आता त्यात शब्द नव्हते, नुसता सूर होता.

जेवायला सगळे कापायच्या टेबलाभोवती बसले. वर फुगा छतभर पसरून मंद हलत होता, एखादं मोठं जनावर झोपेत श्वास घेतं तसा. दादा घासागणिक वर बघत होता.

"पक्का ना?" त्याने विचारलं. "सगळे जोड?"

"पक्का," मधली म्हणाली.

"मग झालं! दुपारच्या चहाला प्रकल्पाच्या मोठ्या बाई येतायत. त्या बघतील, खूष होतील, आणि परवा वारा ठीक असला की..." त्याने हाताने आभाळ दाखवलं. "फुर्र!"

"त्या बाईंनाच भेटायला आलेय मी," भिंगरी म्हणाली.

"तू? कशाला?"

"आमच्याकडे बैठक झाली, दादा. बागवाले, मेंढ्यांवाले, शाळेतल्या बाई, सगळे बसले. म्हणाले, तुझ्याच माहेरचा फुगा आहे, तूच जा आणि सांग. आमच्या डोक्यावरून हे काही जाणार असेल, तर आधी आम्हाला विचारा."

दादाचा घास हातातच राहिला. मग तो मोठ्याने हसला. "अगं, विचारलं की! मीच नाही का फोन केला तुला? सगळं सांगितलं. फुगा, भुकटी, पाऊस इकडचा तिकडे होऊ शकतो, सगळं. म्हटलं, काही हरकत असेल तर बोल."

"हो."

"तू गप्प होतीस."

"होते."

"मग?"

"मग काय मग? गप्प होते म्हणजे गप्प होते!"

"आपल्यात गप्प म्हणजे काय असतं?" दादा खरोखर गोंधळला होता. "आईने काय शिकवलं?"

"दादा, तो जोड नव्हता. मी होते!"

वहिनीला हसू आवरेना. पदराने तोंड झाकून ती गदगदली. मधलीलाही हसू फुटलं, आणि क्षणभर दादाही हसला. फक्त त्याची मुलगी हसली नाही. तिने पाण्याचा पेला हळूच खाली ठेवला.

"बाबा. बाईंनी तुम्हाला विचारलं होतं ना, खोऱ्यातल्या लोकांशी बोलणं झालंय का म्हणून?"

"हो. मी म्हटलं, झालंय. माझी बहीणच आहे तिकडे. काही हरकत नाही त्यांची."

"त्यांची?" भिंगरी म्हणाली. "कुणाची?"

दादाने हातातला घास ताटात परत ठेवला.

"म्हणजे ऑफिसात जे सगळे म्हणतात की खोऱ्याची संमती आहे," पुतणी सावकाश म्हणाली, "ती संमती म्हणजे छोट्या आत्याचं फोनवर गप्प बसणं? मला वाटलं आमच्यातलं कुणीतरी तिकडे गेलं असेल."

"मी लबाडी नाही केली!" दादाचा चेहरा लाल झाला. "मला जे समजलं ते सांगितलं. माझ्या जागी आई असती तर तिनेही हेच समजलं असतं!"

"ओरडू नका," वहिनी म्हणाली. आता ती हसत नव्हती. "लबाडी कोण म्हणतंय? वेंधळेपणा म्हणतोय आम्ही. एक बाई फोनवर गप्प बसली आणि तुम्ही अख्खं खोरं खिशात घातलंत."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"मी तीस वर्षं तुमच्या बाजूची आहे. आज दुपारी जरा तिच्या बाजूला बसते. पाय दुखले बसून." आणि ती खरंच उठून टेबलाच्या पलीकडे भिंगरीशेजारी जाऊन बसली.

दादाने मुलीकडे पाहिलं. "तू तरी सांग हिला. शास्त्र सांग."

पुतणीने दोन्ही हात टेबलावर ठेवले. तिचे डोळे चमकत होते. भीतीने की उत्साहाने, ते मधलीला कळेना. "शास्त्र असं आहे की हा एक फुगा कुणाचं काही बिघडवणार नाही. आणि शास्त्र असंही आहे की ताफा उडाला की खोऱ्याचं काय होईल ते आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. कधी खोरं हिरवं दिसतं आमच्या हिशेबात, बऱ्याचदा कोरडं. आणि इथे मात्र दर वेळी गार. दर वेळी, छोटी आत्या."

"मग नशीब काढलंत तुम्ही," भिंगरी म्हणाली.

"असं नको बोलूस!" दादा उसळला. "तुला माहितीय इथे उन्हाने काय होतंय? दाजींकडे बघ! तुझ्या समोर बसलाय हा माणूस, छपरावर माकडासारखा चढायचा, आता पेला धरताना हात कापतो. ह्या गल्लीत दर उन्हाळ्याला एक तरी जातो. तुझ्या झाडांना पाणी कमी पडेल म्हणून आम्ही भाजून मरायचं का?"

"आणि तुम्हाला गार वाटावं म्हणून आम्ही ओढा सोडून द्यायचा का? दादा, मी नाही म्हणायला आलेच नाहीये! ऐकशील का पूर्ण? आमची माणसं म्हणतायत, आमच्यात येऊन बसा. आमच्या भाषेत सांगा. आम्ही काय गमावू शकतो ते तोंडावर सांगा. मग ठरवू. आणि एकदा सुरू केलं तर थांबवायचा अधिकार आम्हालाही हवा, फक्त तुम्हाला नको. एवढंच. हे काय फार झालं?"

"परवाचा वारा निघून जाईल. पुढचा वारा वर्षाने येतो!"

"मग वर्षाने उडव!"

"वर्षाने!" दादाने मधलीकडे बोट केलं. "हिला विचार वर्ष म्हणजे काय असतं ते!"

सगळ्यांच्या माना मधलीकडे वळल्या. नवऱ्याचीसुद्धा. तिच्या घशात शब्द आले, गरम, ओबडधोबड. बहिणीच्या हातांवरचे डंखांचे डाग तिला दिसत होते. ही पोर तापाने फणफणायची तेव्हा मधली तिला मांडीवर घेऊन बसायची.

"मी पाणी आणते," ती म्हणाली आणि उठली.

मागून भिंगरीचा आवाज आला, दादाला नव्हे, हवेत बोलल्यासारखा. "बघितलंत? हीपण गप्प. आता हिच्या गप्प बसण्याचा कोण काय अर्थ लावणार?"

बाई आल्या त्या धावतच. गाडीतून उतरल्या, दारात थांबल्या, मान वर केली आणि लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. "अरे वा! अरे वा वा वा!" केस पिकलेले, चष्मा दोरीला, बुटाची नाडी सुटलेली. शेडभर फिरून त्यांनी फुग्याला हात लावला, दादाशी हस्तांदोलन केलं, वहिनीशी केलं, पुतणीची पाठ थोपटली. असल्या बाईचा राग कसा करायचा, असं मधलीला झालं. त्या मनापासून खूष होत्या. आयुष्य घातलं होतं त्यांनी यात.

"आणि ह्या?" त्यांनी भिंगरीकडे पाहिलं.

"माझी बहीण," दादा म्हणाला. "खोऱ्यातली."

"हो का! तुमचे तर आभारच मानायचे होते. तुमच्या लोकांनी इतक्या सहज होकार दिला, दुसरीकडे आम्हाला किती..."

"बाई," दादा म्हणाला.

मधलीने त्याच्याकडे पाहिलं. तो उभ्या जागी घामाने निथळत होता. वरचा तो चंदेरी डोंगर त्याचा होता, आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम, आजोबांनी आणि आईने बघायला हवं होतं असं. एक शब्द न बोलता तो परवा आभाळात गेला असता.

"बाई, तो होकार नव्हता. मी फोनवर सांगितलं, ही काही बोलली नाही, आणि मी... आमच्या धंद्यात गप्प म्हणजे पक्कं धरतात. तेच मी धरलं. खोऱ्यातल्या कुणाला कुणी काही विचारलेलं नाही."

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. कुठे जावं ते न सुचून तिथेच रेंगाळलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवरून काढला. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय म्हणताय? मी वरती सगळ्यांना सांगितलंय. परवाची तारीख..."

"कळतंय."

"आमची चूकही आहे," पुतणी पुढे होऊन म्हणाली. "एका माणसाच्या सांगण्यावर आपण विश्वास ठेवला, कारण तेच सोयीचं होतं. मीसुद्धा. इथल्या उन्हाचा हिशेब आपण दहा वेळा केला. त्यांच्या दारात एकदाही गेलो नाही."

दादाने मुलीकडे असं पाहिलं की जणू ती आत्ताच जन्मली होती.

भिंगरीने मग सगळं सांगितलं. बैठक, बागा, ओढा, थांबवायचा अधिकार. भराभर, हातवारे करत, मधेच श्वास विसरत. शेवटी बाई एका उलट्या खोक्यावर बसल्या.

"रास्त आहे," त्या म्हणाल्या. "आणि तरी मला रडू येतंय. एक अख्खं वर्ष. एका वर्षात काय काय होतं." त्यांनी एकेकाकडे पाहिलं. "तुम्ही सगळे हेच म्हणताय? अख्खं घर?"

"हो," वहिनी म्हणाली.

"हो," पुतणी म्हणाली.

दादाने एकदा वर बघितलं आणि मान हलवली.

"एक मिनिट," भिंगरी म्हणाली. "ताईचं राहिलं."

"हिचं काय," दादा म्हणाला, "ही तर..."

"बघ! परत! ही तर काय? तुला काय माहीत तिच्या मनात काय आहे? सकाळपासून मी खोऱ्याला विचारा, खोऱ्याला विचारा म्हणून घसा फोडतेय, आणि ह्या घरात हिला कुणी विचारलंय का? लग्नसुद्धा ती गप्प बसली म्हणून ठरवलंत तिचं!" ती मधलीसमोर येऊन उभी राहिली, इतकी जवळ की मेणाचा वास आला. "ताई. मघाशी मी बाहेरून विचारलं तेव्हा तू गप्प राहिलीस. मी अर्थ लावला नाही हं. मला भीती वाटली लावायची. आता तोंडाने सांग. मला वाईट वाटलं तरी चालेल."

मधलीने नवऱ्याकडे पाहिलं. रुमाल मानेवरून घसरला होता. तो तिच्याकडेच बघत होता, शांत, वाट बघत, शब्दांना किती वेळ लागतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

तिने तोंड उघडलं.

"मला तो उडायला हवाय," ती म्हणाली.

तिने पुढे होऊन नवऱ्याच्या मानेवरचा घसरलेला रुमाल नीट केला आणि पुन्हा बहिणीकडे वळली.

"परवाच. उद्या उडाला तर उद्या. मला हा माणूस जिवंत हवाय, भिंगरे. आणि सकाळी पोरीने सांगितलं ना, पाऊस इकडचा तिकडे होईल, तेव्हा मला तू आठवलीस. लगेच आठवलीस. आणि मी म्हटलं, होईना का. तुझा ओढा आटला तर आटू दे. असं म्हटलं मी मनात." तिचा आवाज चढत गेला, आयुष्यात कधी चढला नव्हता एवढा, आणि डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं तरी ती थांबली नाही. "हे मी तुझ्या खोऱ्यात येऊन सांगणार. बागवाल्यांना, मेंढ्यांवाल्यांना, सगळ्यांना. त्यांच्यासमोर बसून सांगणार, की मला तुमचं पाणी हवंय, माझ्या नवऱ्यासाठी. आणि मग त्यांनी माझ्या तोंडावर नाही म्हणावं. म्हटलंच तर मला ते ऐकायचंय. पण मी मागितलंच नाही, असं मात्र कुणी म्हणता कामा नये."